धार नसलेल्या तलवारी

मल्लेश्वरममधील माझ्या अभ्यासिकेत पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक लांबट काचेची पेटी आहे. तीत सतरा तलवारी आहेत. सर्वांत मोठी जेमतेम दोन फुटांची, सर्वांत लहान माझ्या कोपरापासून मनगटापर्यंतही न पोचणारी. यांतील एकीलाही धार नाही, आणि ती कधीच नव्हती. कारण या साऱ्या मुलांच्या खेळण्यातल्या तलवारी आहेत. युरोपातील घोडदळाची जी वक्र तलवार ‘सेबर’ या नावाने ओळखली जाते, तिच्या या बालआवृत्त्या. काही पत्र्याच्या, काही लाकडी, दोन-तीन ओतीव शिशाच्या मुठीच्या.

येणाऱ्याजाणाऱ्यांना या पेटीचे कुतूहल वाटते. पोवाडे आणि बखरी यांतील वीररसावर प्रबंध लिहून, उभे आयुष्य त्याच विषयाच्या अध्यापनात घालवलेल्या बाईने तलवारी जमवाव्यात, याची संगती बहुतेकांना सहज लागते. आणि मीही ती लागू देते. मात्र दोन वर्षांपूर्वी एका शोधछात्रेने संग्रहाची नोंदवही चाळता चाळता विचारले, “मॅडम, तलवारी सतरा आहेत, मग शेवटचा क्रमांक अठरा कसा?” नोंदवहीतील पहिला क्रमांक रिकामा होता. त्या वेळी काहीबाही सांगून मी वेळ मारून नेली. हा लेख म्हणजे तिच्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

संग्रहाची सुरुवात १९९१ साली झाली. त्याच्या आदल्या वर्षी दूरदर्शनवर ‘द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान’ ही मालिका सुरू झाली होती आणि बंगळुरूच्या गल्लोगल्ली पोरे प्लॅस्टिकच्या तलवारी घेऊन एकमेकांवर धावून जात होती. चिकपेटच्या परिसरात रविवारी जुना बाजार भरतो. जुन्या पुस्तकांच्या आशेने मी तिथे अधूनमधून जात असे. त्या रविवारी मोडकी कुलुपे, पितळी नळ आणि सायकलच्या साखळ्या यांच्या ढिगात एक वाकडे पाते दिसले. विक्रेत्याने ते लोखंडी सामानाबरोबर तराजूत टाकले आणि वजनाच्या भावाने मला दिले. घरी आणून गंज पुसला, तेव्हा म्यानाला अडकवण्याच्या दोन कड्या दिसल्या; घोड्याच्या रिकिबीसारखी वाकवलेली पितळी पट्टी दिसली; आणि मुठीच्या टोकाला एक सिंहाचे तोंड दिसले, जे घाईघाईने उमटवल्यामुळे मांजराचे वाटत होते. हुबेहूब अशी तलवार मी त्यापूर्वी एकदाच हातात घेतली होती. परंतु ते पुढे येईल.

खेळण्यातली तलवार कशी बनते, हे मला या गंजक्या पात्यानेच शिकवले. खऱ्या तलवारीच्या कारागिराचे सारे कसब धार आणण्यात असते: लोखंड तापवायचे, ठोकायचे, पाणी द्यायचे, आणि मग शिकलगाराने ते साणेवर धरायचे. पत्र्याची गोष्ट उलटी असते. पत्रा कातरला की त्याच्या कडेला धार आपोआपच येते. लहान मुलाचा तळहात फाडायला ती पुरेशी असते. म्हणून खेळणे बनवणाऱ्याचे कसब ती धार नाहीशी करण्यात असते. तो पात्याचे दोन पत्रे एकमेकांवर ठेवतो, त्यांच्या कडा आत दुमडतो, त्यांवरून बोट फिरवून पाहतो आणि मगच त्यांना मुठीत बसवून डाख देतो.

दुसरी गोष्ट पन्हळीची. सेबरच्या पात्यावर लांबीच्या दिशेने एक खोलगट पन्हळ असते. रक्त वाहून जाण्यासाठी ती असते, असा एक लोकप्रिय समज आहे. वस्तुतः पात्याचे वजन कमी करून त्याचा ताठपणा टिकवणे हेच तिचे काम. खेळण्याच्या कारागिराने केवळ दिसायला तशी दिसावी म्हणून पत्र्यावर पन्हळ दाबली. पण सपाट पत्रा वाकतो आणि पन्हळ दाबलेला पत्रा ताठ राहतो, हा साधा नियम आहे. म्हणजे शोभेसाठी केलेल्या नकलेने खेळण्यातही तेच काम केले, जे ती मूळ शस्त्रात करत होती. अनुकरणाविषयी पाश्चात्त्य आणि पौर्वात्य मीमांसकांचे पुष्कळ वाचून झाल्यावर मला हे एका भंगारातल्या पत्र्याने दाखवावे, याची मौज वाटली.

मग मूळ शस्त्राचा शोध घेणे आले. आणि तो घेऊ लागले तेव्हा ‘मूळ’ हा शब्दच डळमळू लागला. वक्र पात्याची तलवार ही पूर्वेकडील घोडेस्वारांची. तुर्कांशी लढता लढता ती हंगेरीच्या ‘हुसार’ स्वारांनी उचलली आणि तेथून ती युरोपभर पसरली. इंग्लंडमध्ये जॉन गॅस्पर्ड ल मार्शां या अधिकाऱ्याने फ्लँडर्सच्या मोहिमेत आपल्या घोडदळाच्या तलवारींची दुर्दशा पाहिली आणि हलक्या घोडदळासाठी नवी वक्र तलवार आखली. ती १७९६ मध्ये स्वीकारली गेली. पुढे १८११ मध्ये प्रशियाने तिची जवळजवळ जशीच्या तशी नक्कल केली. न्यूरेंबर्ग हे शहर खेळण्यांचे माहेरघर. जर्मन कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात पत्र्याचे शिपाई, घोडे, आगगाड्या यांच्यासोबत अशा तलवारीही जगभर पाठवल्या. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले, जर्मन माल ब्रिटिश साम्राज्याच्या बाजारातून नाहीसा झाला आणि त्याची जागा जपानी खेळण्यांनी घेतली. पूर्वेकडून निघालेली तलवार अशी पत्र्याची होऊन पूर्वेकडे परतली. दरम्यान, १९०८ मध्ये ब्रिटिश सैन्याने घोडदळासाठी वक्र पाते सोडून भोसकण्याजोगे सरळ पाते स्वीकारले होते. खेळण्यातली तलवार मात्र वक्रच राहिली. शस्त्रे बदलली तरी शौर्याचे चित्र लवकर बदलत नाही, असे हे पाहून वाटते.

बंगळुरूत राहून असा छंद जडावा, हेही अगदीच विसंगत नाही. हे शहर मुळात दोन शहरांचे. एक पेठ: १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने केंपेगौडांकडून ते घेतल्यावर शहाजीराजांच्या जहागिरीत आलेले, जिथे बालपणी शिवराय काही काळ राहिले आणि जिथल्या दरबाराचे वैभव जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त नोंदले गेले. दुसरी १८०९ मध्ये वसलेली इंग्रजांची छावणी. १९४९ मध्ये दोहोंची मिळून एक नगरपालिका झाली, तरी दोन शहरांची दोन स्मृतिविश्वे अजून पुरती मिसळलेली नाहीत. माझ्या पेटीतील बहुतेक तलवारी छावणीच्या बाजूने आलेल्या. त्या विकत घेतल्या मात्र पेठेत.

या छावणीत १८४० च्या दशकात पंधराव्या हुसार पलटणीत लुई नोलान नावाचा अधिकारी होता. घोडदळावरील त्याचा ग्रंथ १८५३ मध्ये प्रसिद्ध झाला. निजामाच्या स्वारांच्या तलवारी भयंकर कापतात, हे ऐकून त्याने चौकशी केली, तेव्हा ती इंग्रजांच्याच घोडदळाने टाकून दिलेली जुनी पाती निघाली. स्वारांनी त्यांना आपल्या पद्धतीच्या मुठी बसवल्या होत्या, पाती वस्तऱ्यासारखी परजली होती आणि ती लाकडी म्यानात ठेवली होती. लोखंडी म्यानात धार घासून बोथट होते, लाकडी म्यानात टिकते. तलवार तीच, एकाच्या हातात ती बोथट, दुसऱ्याच्या हातात जीवघेणी. नोलान स्वतः पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १८५४ रोजी, बालाक्लाव्हाच्या प्रसिद्ध हल्ल्यात सर्वांत आधी पडलेल्यांपैकी एक ठरला.

याच छावणीत १८९६ मध्ये चौथ्या हुसार पलटणीबरोबर विन्स्टन चर्चिल आला. आपल्या आत्मचरित्रात त्याने लिहिले आहे की, लहानपणच्या जवळजवळ पंधराशे खेळण्यातल्या शिपायांनी आपल्या आयुष्याचा प्रवाह बदलला. वडिलांनी एकदा ती मांडलेली फौज न्याहाळली आणि सैन्यात जायचे आहे का, असे विचारले. मुलाने तत्काळ होकार दिला. नियतीचा भाग असा, की हिंदुस्थानात पाऊल ठेवतानाच मुंबईच्या ससून गोदीत त्याचा खांदा निखळला. तो पुढे कायमचा अधू राहिला आणि म्हणून १८९८ मध्ये सुदानातील ओमदुरमानच्या घोडदळी हल्ल्यात त्याला तलवारीऐवजी पिस्तूल वापरावे लागले. खेळण्यांनी ज्याला घोडदळात नेले, त्याच्या हातून ऐन वेळी तलवारच सुटली.

आपल्याकडची खेळणी पाहावीत तर चित्र निराळे दिसते. बंगळुरूहून म्हैसूरच्या वाटेवर सुमारे साठ किलोमीटरवर चन्नपट्टण आहे. तेथील लाखेच्या रंगांची खेळणी कातारकामाची. कातावर फिरून निघणारी वस्तू गोल असते, तिला तलवारीचे चपटे पाते साधत नाही. म्हणून तिथे बाहुल्या, भोवरे, गाड्या. सावंतवाडीच्या चितार आळीत रंगवलेली लाकडी फळे आणि भातुकलीची भांडी. दिवाळीत आपली मुले मातीचा किल्ला करतात, त्यावर मावळे मांडतात. त्या मावळ्याच्या हातातली तलवार बोटाच्या पेराएवढी असते, मातीची असते आणि दिवाळी सरायच्या आत तुटते. ती तुटावी, हेच जणू ठरलेले असते.

संग्रह करणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आठवते, तसे मलाही आठवते. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वाद्ये, शस्त्रे, खेळणी अशा हजारो वस्तू जमवल्या आणि तो सारा ठेवा बालवयात गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावे लोकांना देऊन टाकला. त्या दालनांतून फिरताना माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. संग्राहक जे मिळाले ते मांडतो खरा. पण त्या मांडणीच्या मध्यभागी जे मिळणार नाही, तेच असते.

खेळण्यातली तलवार खरी की खोटी? माझ्या अध्यापनात हा प्रश्न निराळ्या वेषात नेहमी येई. रंगभूमीवरचा नट राम नाही हे ठाऊक असूनही प्रेक्षक त्याला राम म्हणून कसा स्वीकारतो, याचे उत्तर देताना शंकुकाने चित्रातल्या घोड्याचा दाखला दिला. चित्रतुरग पाहताना होणारे ज्ञान सम्यक् नव्हे, मिथ्या नव्हे, संशयाचे नव्हे, नुसत्या सादृश्याचेही नव्हे. ते यांहून वेगळेच काही असते. विद्यार्थ्यांना हे समजावताना मी पेटीतील एखादी तलवार वर्गात नेई. मूल तलवार उपसते तेव्हा ती लागणार नाही हे त्याला पक्के ठाऊक असते, तरी समोरचा पोरगा आपली छाती धरून खरोखर कोसळतो. पोवाड्याचेही तसेच असते. अज्ञानदास किंवा तुळशीदास यांच्यासारखा शाहीर डफ-तुणतुण्याच्या साथीने लढाई उभी करतो. त्याने पत्र्याची कड आत दुमडलेली असते. श्रोत्याचा उत्साह जागा होतो, त्याचा हात कापत नाही. हे मी तीस वर्षे शिकवले आणि त्यात चूक काही नव्हते. एवढेच, की कड कशाला दुमडायची असते ते मला ठाऊक होते, आणि ते मी वर्गात कधी सांगितले नाही.

माझे बालपण बेळगावचे. १९४७ नंतर तेथील कॅम्पातून इंग्रज कुटुंबे निघून गेली. त्यांच्या सामानाचे लिलाव होत. अण्णांनी अशाच एका लिलावात इंग्रजी पुस्तकांनी भरलेली पेटी घेतली. तिच्या तळाशी, कुणा इंग्रज मुलाची राहून गेलेली, पत्र्याची तलवार निघाली: दोन कड्यांचे म्यान, रिकिबीसारखी मूठ, मांजरमुखी सिंह. ती दादाची झाली. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. मी जन्मले तेव्हा त्याचे तलवारीशी खेळण्याचे वय सरत आले होते. पण तलवार त्याचीच राहिली. खंडेनवमीला अण्णा पाटावर आपले फाउंटनपेन, आईची विळी आणि करवत मांडत आणि दादा त्यांच्याशेजारी ती तलवार ठेवी. रांगोळी घालायचे काम माझे. कित्तूर आमच्याच जिल्ह्यातले. १८२४ मध्ये इंग्रजांशी लढलेल्या राणी चन्नम्माचा धडा मला तोंडपाठ होता. तरी तलवारीला हात लावण्याची माझी प्राज्ञा नव्हती. “मुलींनी कशाला?” एवढेच आई म्हणे. रागाने नव्हे, सहज.

दादा सैन्यात अधिकारी झाला, मराठा पलटणीत. १९७१ च्या पावसाळ्यानंतर त्याची तुकडी पूर्वेकडे गेली. त्या वर्षी खंडेनवमीला तलवार अण्णांनी मांडली. नोव्हेंबरातल्या एका दुपारी घरात कुणी नव्हते. मी स्टुलावर चढून ती काढली आणि आयुष्यात प्रथमच म्यानातून उपसली. अकरा वर्षे जिच्याकडे लांबून पाहिले, ती इतकी हलकी असावी? हातात काही धरले आहे असेच वाटेना. फसवणूक झाल्यासारखे रडू आले. त्याच वेळी गल्लीत भंगारवाल्याची आरोळी ऐकू आली. मी खाली गेले आणि तलवार त्याच्या टोपलीत टाकली. त्याने मला खारे शेंगदाणे दिले. दादाच्या तलवारीची मूठ गेली आणि मूठभर शेंगदाणे आले.

संध्याकाळी आईला कळले. ती रागावली नाही. नुसती माझ्याकडे पाहत राहिली. मग ३ डिसेंबरला युद्ध सुरू झाले. त्यानंतरच्या तेरा दिवसांत मी नीट झोपले नाही. रेडिओवर बातम्या लागत, अण्णा कान देऊन ऐकत, आणि मी दाराकडे पाहत असे. आमच्या आळीत दोन घरी तार आली होती. माझ्या मनाने एक सरळ हिशेब मांडला होता: दादाची तलवार मी विकली, आता त्याच्याकडे तलवार नाही. त्याला काही झाले तर ते माझ्यामुळे. हे कुणाला सांगण्याची सोय नव्हती. १६ डिसेंबरला युद्ध संपले. जानेवारीत त्याचे पत्र आले, उन्हाळ्यात तो स्वतः आला. तलवारीचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. पुढे तो निवृत्त होऊन पुण्याला राहिला, मी लग्नानंतर बंगळुरूला आले. चिकपेटच्या ढिगात ती मूठ दिसली त्या दिवशी मी नोंदवही आणली आणि त्या तलवारीला क्रमांक दोन दिला.

गेल्या दसऱ्याला दादा आमच्याकडे होता. आता तो सत्तरीच्या पुढे आहे, डोळे अधू झाले आहेत. बंगळुरूत नवरात्रात घरोघर बाहुल्यांची आरास करतात आणि आयुधपूजेच्या दिवशी मोटारीपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा घालतात. मीही पेटीतल्या तलवारी पाटावर मांडल्या होत्या. टिपू सुलतानाची तलवार २०२३ मध्ये लंडनच्या लिलावात १ कोटी ४० लाख पौंडांना गेली, त्यावर शेजाऱ्यांच्या गप्पा झाल्या आणि ते गेले. दादाने पाटावरची पहिली तलवार उचलली, बोटाने पन्हळ चाचपली, मग कड.

“दुमडलीय चांगली,” तो म्हणाला.

तेव्हा मी सांगितले. चौपन्न वर्षे जे कुणालाही सांगितले नव्हते, ते दोन वाक्यांत संपले. शेंगदाण्यांचेही सांगितले.

तो हसला. “अगं, मला ठाऊक होतं. आईनं लिहिलं होतं ना.” आईने सीमेवर पाठवलेल्या आंतरदेशीय पत्रात घरचे क्षेम, अण्णांचा खोकला, शेजारचे लग्न यांच्यानंतर शेवटच्या दुमडीवर लिहिले होते, की तुझ्या धाकटीने तुझी तलवार मूठभर शेंगदाण्यांना विकली, तेव्हा लौकर ये आणि तिचा काय तो निवाडा कर. दादाने ते तंबूत वाचून दाखवले. “मग आठवडाभर माझी पोरं जाता-येता विचारायची, साहेब, तलवार सापडली का? खंदक खणतानाही, साहेब, इथं बघू का?” तो पुन्हा हसला. मग थांबला. “विचारणाऱ्यांतले दोघं परत आले नाहीत.”

त्या दोघांची नावे त्याने सांगितली. ती मी इथे लिहिणार नाही. इतक्या वर्षांत ती त्याच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होते. वीररसाच्या माझ्या कुठल्याही व्याख्यानात ती नव्हती, आणि आईच्या पत्रातल्या त्या एका ओळीवाचून ती त्याने कदाचित कधी उच्चारलीही नसती.

थोड्या वेळाने त्याने तलवार म्यानात घातली आणि विचारले, “किती आहेत एकूण?”

“सतरा.”

“पुरे आता,” तो म्हणाला.

त्या रात्री मी नोंदवही काढली आणि पहिली ओळ भरली: ‘क्रमांक १. पत्रा, पितळी मूठ, म्यानासह. बेळगाव.’ शेवटच्या रकान्यात वस्तूचे सध्याचे ठिकाण लिहायचे असते. तिथे लिहिले: दादाकडे.